वजन शंभरच्या पुढे असेल तर इलेक्ट्रिक स्कूटर कशी बघायची, आणि मी रिव्हर इंडी का घेतली

माझं वजन ११८ किलो, उंची पाच फूट अकरा इंच. इलेक्ट्रिक गाडीचा रिव्ह्यू लिहिताना वजन आधी सांगायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण यूट्यूबवर ज्या पोरांनी या गाड्या चालवून दाखवल्यात ती बहुतेक साठ-सत्तर किलोची, त्यांना जे सस्पेन्शन मऊ वाटतं ते आपण बसलो की तळाला टेकतं, त्यांची गाडी चढावर पळते आणि आपली धापा टाकते, आणि खाली कुणी विचारलं की भाऊ ११० किलोवाल्याने कुठली घ्यावी तर उत्तर काय, आधी जिमला जा. मला या उत्तराचा मनापासून राग येतो. वजन जास्त असलेल्या माणसालाही रोज कामावर जायचं असतं, त्याचेही दीड लाख रुपये कष्टाचेच असतात, त्याला सरळ उत्तर मिळायला पाहिजे. म्हणून हे लांबलचक लिहितोय.

माझा वापर आधी सांगतो. राहायला पुण्यात वारज्याला, ऑफिस बाणेरला, बायकोला पाषाणला सोडतो, तिचं वजन ६४. म्हणजे सकाळी डबल सीट १८२ किलो, त्यावर हेल्मेट, डबे आणि लॅपटॉपची बॅग. रस्त्यात वारज्याकडून चांदणी चौकाचा चढ लागतोच, आणि महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी सिंहगड. पेट्रोलची १२५ सीसी स्कूटर होती, तिचं मागचं शॉकअप माझ्यापुढे कधीच हरलेलं, म्हणून या वेळी घाई न करता व्यवस्थित बघून घ्यायचं ठरवलं.

आधी इलेक्ट्रिक सायकलचाही विचार केला होता, व्यायामही होईल म्हणून, आणि ज्यांचा रस्ता सपाट आहे त्यांनी अजूनही करावा. पण एक हिशोब बघा. आपल्याकडे लायसन्स आणि नंबरप्लेटशिवाय चालवायची तर मोटर २५० वॉटच्या आतली आणि स्पीड ताशी २५ च्या आतला असावा लागतो. माणूस आणि सायकल धरून १४० किलो झालं, चढ अगदी सहा टक्क्यांचा (म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर सहा मीटर वर), आणि वेग ताशी फक्त दहा धरला तरी पावणेतीनशेच्या आसपास वॉट लागतात, म्हणजे मोटर पूर्ण दमात चालूनही उरलेलं तुम्हाला पॅडलवर मारायचंय. दुसरं म्हणजे बाजारातल्या बऱ्याच ई-सायकलींवर वजनाची मर्यादा १०० ते १२० किलो असते आणि त्यात पाठीवरची बॅगही आली. आणि मोटर मागच्या चाकात असेल तर सगळा ताण त्याच चाकाच्या स्पोकवर येतो, जड माणसाच्या सायकलचे स्पोक मागचेच तुटतात हे कुठल्याही सायकलवाल्याला विचारा. घ्यायचीच असेल तर मागच्या चाकाला ३६ स्पोक आणि डबल वॉल रिम आहे का, ब्रेक डिस्क आहेत का, टायर जाड आहे का एवढं बघून घ्या, आणि पॅडलला टॉर्क सेन्सर मिळत असेल तर उत्तमच, तो तुम्ही जोर लावाल त्या प्रमाणात मदत देतो त्यामुळे चढावर सुटताना फरक जाणवतो. माझ्या रस्त्याला ते जमणारं नव्हतं, विषय तिथेच संपला.

आता स्कूटर. शोरूममध्ये गेल्यावर पहिला प्रश्न रेंजचा नको, पेलोडचा विचारा. गाडीचं स्वतःचं वजन म्हणजे कर्ब वेट, आणि माणसं सामान सगळं धरून जास्तीत जास्त किती चालेल ते ग्रॉस वेट, दोघांची वजाबाकी म्हणजे पेलोड, आणि तो ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो. बऱ्याच दुचाकींचा हा आकडा दीडशे किलोच्या आसपास असतो, म्हणजे पंचाहत्तर किलोची दोन माणसं धरलेली. एकटा ११८ किलोचा माणूस त्यात आरामात बसतो पण मागे कुणी बसलं की बेरीज पार होते. बहुतेक सेल्सवाल्यांना हा आकडा माहीतच नसतो, "काही होत नाही सर, सगळे चालवतात" असं म्हणून पुढे जातात. तिथे अडून बसा. मी मॅन्युअल उघडून दाखवा म्हटलं आणि आमच्या बेरजेपेक्षा आकडा मोठा आहे हे लेखी बघितल्याशिवाय बुकिंगचे पैसे दिले नाहीत. एका शोरूममध्ये तर (नाव घेत नाही) बायकोला मागे बसवून टेस्ट राइड द्यायलाच नकार दिला, पॉलिसी नाही म्हणे. मग मी पण नमस्कार केला, कारण जी गाडी रोज डबल सीट चालणार ती सिंगल चालवून काय कळणार होतं मला.

दुसरी गोष्ट मोटरची ताकद, आणि इथे मी कागद-पेन घेऊन बसलो होतो. समजा दहा टक्क्यांचा घाट आहे, गाडी आणि आम्ही दोघं मिळून ३२० किलो, आणि ताशी ४० ने चढायचंय. नुसतं वजन वर न्यायलाच साडेतीन किलोवॉट लागतात, टायरचं घर्षण आणि समोरचा वारा धरला की साडेचार. आता मी बघितलेल्या बाकीच्या तीन स्कूटरींची पीक पॉवर, म्हणजे मोटरची जास्तीत जास्त ताकद बघा, एथरच्या रिझ्टाची ४.३ किलोवॉट, टीव्हीएसच्या आयक्यूबची ४.४, बजाजच्या चेतकची ४. म्हणजे या गाड्या चढणार नाहीत असं अजिबात नाही, तिशीत व्यवस्थित चढतील कारण त्या वेगाला सव्वातीन पुरतात, पण त्या वेळी मोटर सतत वरच्या टोकाला चाललेली असते, आणि पीक पॉवर ही थोड्या वेळापुरती असते, मोटर किंवा तिला वीज पुरवणारा कंट्रोलर तापला की गाडी स्वतःच पॉवर कमी करते. साठ किलोच्या एकट्या माणसाला हा प्रश्न कधी दिसतच नाही. इंडीची पीक पॉवर ६.७ किलोवॉट आहे, म्हणजे त्याच घाटात तिच्या हातात बरंच काही शिल्लक राहतं. माझ्यासाठी निम्मा निर्णय इथेच झाला.

उरलेला निम्मा चाकांनी केला. रिझ्टा, आयक्यूब, चेतक तिन्हींची चाकं १२ इंची, इंडीची पुढे-मागे १४ इंची, आणि टायर पुढे ११० मिलीमीटर रुंदीचा आणि मागे १२० चा, म्हणजे स्कूटरच्या मानाने चांगलाच रुंद. जड माणसाला हे फार महत्त्वाचं आहे, मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते त्यामुळे रिमपर्यंत दणका पोचायला वेळ लागतो. वारज्याच्या सर्व्हिस रोडला पावसाळ्यानंतर जे होतं ते तुम्हाला माहितीच असेल. टायरचं अजून एक, त्याच्या बाजूला साइज लिहिलेली असते आणि पुढे एक आकडा आणि अक्षर असतं, समजा ५४जे. त्यातला ५४ म्हणजे त्या एका टायरची क्षमता २१२ किलो, आणि 'जे' (J) हे अक्षर म्हणजे जास्तीत जास्त ताशी १०० चा वेग. ५० असेल तर १९० किलो, ५६ असेल तर २२४. डबल सीट बसल्यावर निम्म्यापेक्षा बरंच जास्त वजन मागच्या टायरवर जातं, त्यामुळे मागच्याचा आकडा वाका आणि वाचा, आणि पुढे कधी टायर बदलताना दुकानदाराने कमी आकड्याचा हातात दिला तर घेऊ नका.

सस्पेन्शनचं शब्दात सांगून कळत नाही, मोजावं लागतं, आणि मोजायला फक्त एक टेप लागते. गाडी सरळ उभी धरायची, मागच्या सीटच्या हँडलपासून जमिनीपर्यंत अंतर घ्यायचं. मग आपण बसायचं, मागे बायको किंवा मित्र बसवायचा, दोघांनी पाय वर घ्यायचे (कुणीतरी पुढून धरायला हवं), आणि तिसऱ्याने पुन्हा तेच अंतर मोजायचं. किती खाली गेली ते कळलं की मग शेजारी वाकून मागच्या टायरचा आणि मडगार्डचा मधला गाळा बघायचा. गाळ्यात चार बोटं सहज जात असतील तर स्पीडब्रेकरवर काहीतरी आशा आहे, दोनच जात असतील तर पहिल्या खड्ड्याला ठॉक आवाज येणार हे पक्कं धरून चाला. आणि हे करायला लाजू नका. शोरूममधली पोरं बघतात, एकमेकांकडे बघतात, बघू देत. बऱ्याच गाड्यांत बॅटरी पायाखाली असते, गाडी खाली बसली की तोच भाग ब्रेकरला घासायची भीती, त्यामुळे ब्रोशरमधला ग्राउंड क्लिअरन्स हा आपल्याला बसून मिळणारा नसतो हे डोक्यात ठेवा. इंडीला मागे दोन शॉकअप आहेत, आम्ही दोघं बसूनही गाळा चांगला राहिला, आणि टेस्ट राइडला मुद्दाम स्पीडब्रेकर न टाळता घेतले तेव्हा तळ टेकल्याचा आवाज आला नाही.

बाकीच्या गाड्या वाईट आहेत म्हणून सोडल्या असं कुणी समजू नका. एथर रिझ्टाची सीट मला सगळ्यांत आवडली, लांब, रुंद, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ मिळते आणि सीटखाली ३४ लिटरची डिकी, बायकोचं मत अजूनही रिझ्टाकडेच आहे हे प्रामाणिकपणे सांगतो. तुमचं वजन शंभर-एकशे पाचच्या आसपास असेल, बहुतेक वेळ एकटे फिरत असाल आणि रोजच्या रस्त्यात मोठा घाट नसेल तर ३.७ किलोवॉट-अवरची मोठ्या बॅटरीची रिझ्टा बिनधास्त बघा. चेतक आपल्या आकुर्डीची, बॉडी पत्र्याची, त्यामुळे हात लावला की घट्ट वाटते, आणि डिसेंबर २०२४ ला जी ३५ सिरीज आली त्यात बॅटरी पायाखाली नेल्यामुळे सीटखाली ३५ लिटर जागा मोकळी झाली. माझ्या वडिलांना घ्यायची असती तर मी चेतकच घेतली असती. आयक्यूब चालवायला सगळ्यांत साधी, काही शिकावंच लागत नाही, मोटर मागच्या चाकातच असल्यामुळे बेल्ट-बिल्टची भानगड नाही, पण मोटर चाकात म्हणजे चाक जड, आणि जड चाक खड्ड्यातून उसळलं की ते शॉकअपलाच सांभाळावं लागतं, ज्याच्यावर आधीच आपलं वजन आहे. हलक्या माणसाला हा मुद्दा गौण वाटेल, मला नाही वाटला.

इंडी घेतल्यावर रोजच्या वापरात काय आवडलं ते सांगतो. पहिलं म्हणजे बसायची जागा. माझी उंची आणि पोट दोन्ही असताना बाकीच्या गाड्यांवर हँडल पूर्ण वळवलं की गुडघ्याला लागायचं, हिच्यावर लागत नाही, आणि पुढे पाय ठेवायला वेगळे पेग दिलेत, लांब रस्त्याला पाय तिथे टाकले की कंबरेला आराम मिळतो. सीटखाली ४३ लिटर जागा, शिवाय पुढे १२ लिटरचा कप्पा, आठवड्याची भाजी मावते आणि ती पायात ठेवावी लागत नाही, म्हणजे पाय मोकळे, आणि जड माणसाला गाडी सावरायला पाय मोकळे लागतात. ब्रेक पुढे-मागे दोन्ही डिस्क. हे मी फार मोठं समजतो. गाडी थांबवताना ब्रेकला जेवढी ऊर्जा जिरवावी लागते ती वजनाच्या प्रमाणात वाढते, गाडी आणि एकटा हलका माणूस मिळून २१० किलोच्या जागी आमच्यासारखं ३२० किलो असेल तर ब्रेकचं काम दीडपट, आणि उतारावर तर सततच. पाषाणच्या सिग्नलला पुढचा रिक्षावाला अचानक थांबतो तेव्हा हे दीडपट काय असतं ते कळतं.

मोड तीन आहेत, इको, राइड आणि रश. एकटा असलो की इकोत भागतं, डबल सीट चांदणी चौकाला राइड लावतो आणि गाडी अजिबात रडत नाही, मागून येणाऱ्या पीएमटी बसला वाट द्यायला कडेला सरकावं लागत नाही. रश मी फक्त ओव्हरटेकपुरता वापरतो कारण बॅटरी भसाभस जाते.

आता रेंज, ज्यावर सगळ्यांत जास्त गैरसमज आहेत. ब्रोशरवर आयडीसी रेंज (इंडियन ड्रायव्हिंग सायकल नावाच्या चाचणीतली) १६० किलोमीटरच्या पुढे दिलीय. ती चाचणी ठरलेल्या पद्धतीने होते आणि त्यात चालवणारा साधारण ७५ किलोचा धरतात, त्यामुळे तो आकडा आपला नाहीच, कुठल्याही कंपनीचा असो. पण वजन वाढलं की रेंज त्याच प्रमाणात पडते असं जे लोक सांगतात तेही बरोबर नाही. सपाट रस्त्यावर ताशी ४५ च्या वेगाला निम्म्याहून जास्त ताकद वारा कापण्यात जाते, तिथे माझ्या हिशोबाने पन्नास किलो जास्त असल्याचा फरक दहा टक्क्यांच्या आत बसतो. खरा मार बसतो सिग्नलला थांबून पुन्हा सुटण्यात आणि चढात. सिंहगडाचंच बघा, गोळेवाडीपासून वरच्या पार्किंगपर्यंत उंची साधारण सहाशे मीटर. ३२० किलो तेवढं वर न्यायला नुसतं अर्धा युनिट लागतं, मोटर आणि रस्त्याचा खर्च धरून पाऊण समजा. चार युनिटच्या बॅटरीत पाऊण म्हणजे फार भीती वाटण्यासारखं काही नाही, आणि उतरताना रिजनमुळे (थ्रॉटल सोडला की मोटरच उलटी वीज तयार करून बॅटरीत घालते आणि गाडी हळू होते, ते) थोडंफार परत येतं. रोजच्या शहरात मी शंभरच्या आतच हिशोब धरतो, डबल सीट जास्त झालं तर नव्वदच्या आसपास. तुम्ही जड असाल आणि रोजचं जाऊन-येऊन पन्नासच्या आत असेल तर रेंजचं टेन्शन डोक्यातून काढून टाका, आणि ते पैसे जास्त बॅटरीत घालण्यापेक्षा चांगली चाकं आणि ब्रेक असलेल्या गाडीत घाला.

रिजनवरून एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रिजन जवळपास लागत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. ज्यांची सोसायटी टेकडीवर आहे, बावधन, कात्रज, आंबेगाव वगैरे, आणि सकाळी फुल चार्ज करून लगेच उतार लागतो, त्यांनी हे लक्षात ठेवा, रोज थ्रॉटल सोडल्यावर गाडी जशी हळू होते तशी ती त्या वेळी होणार नाही आणि तुमचं वजन तिला पुढे ढकलत असतं. मी ऐंशी-नव्वदलाच चार्जिंग बंद करतो.

खटकणाऱ्या गोष्टी पण आहेत. गाडी जड आहे, गच्च भरलेल्या पार्किंगमधून मागे ओढून काढताना बायकोला जमत नाही, रिव्हर्स असिस्ट आहे म्हणून निभावतं. बॅटरी काढून घरात नेता येत नाही, म्हणजे पार्किंगमध्ये प्लग पॉइंट लागतोच, तो नसेल तर आधी सोसायटीशी बोला आणि मग शोरूमला जा, उलटं करू नका. सोबतच्या चार्जरने ऐंशी टक्क्यांपर्यंत यायला पाच तासांच्या आसपास लागतात, रात्री लावून ठेवणाऱ्याला फरक पडत नाही पण दिवसभर डिलिव्हरी वगैरे करणाऱ्याने विचार करावा. किंमतही एक्स-शोरूम दीड लाखाच्या घरात जाते. आणि कंपनी बंगळूरची, तुलनेने नवी, बजाज-टीव्हीएससारखं तालुक्या-तालुक्याला सर्व्हिस सेंटर नाही, त्यामुळे सांगली-सोलापूर बाजूच्या किंवा त्याहून आतल्या गावातल्या माणसाने जवळचं सेंटर किती लांब आहे हे आधी फोन करून विचारावं, लांब असेल तर मी स्वतः त्याला चेतक किंवा आयक्यूबच सुचवेन, गाडी कितीही चांगली असली तरी पार्टसाठी पंधरा दिवस उभी राहिली तर उपयोग काय.

शेवटी हवा, कारण कितीही महागडी गाडी घेतली तरी हे चुकवलं की सगळं वाया. मॅन्युअलमध्ये प्रेशरचे दोन आकडे असतात, एकट्यासाठी आणि डबल सीटसाठी. आपलं वजन शंभरच्या पुढे असेल तर मागच्या टायरला एकटे असतानाही डबल सीटवालाच आकडा ठेवा. पंपावरचा पोरगा न विचारता सगळ्यांना तीसच मारतो, त्याला आकडा सांगा आणि मीटरकडे बघत उभे राहा. टायर गार असताना भरा, दर आठवड्याला बघा. कमी हवेत जड माणूस बसला की टायरच्या भिंती वाकतात, तापतात, रेंज तर जातेच पण रिमला पोचा पडतो आणि ट्यूबलेस टायर मग कडेने हळूहळू हवा सोडत राहतो, पंक्चरवाल्याला छिद्र सापडत नाही आणि तुम्ही रोज हवा भरत बसता. पाचेकशे रुपयांचं डिजिटल गेज मिळतं, ते घेऊन डिकीत टाका.

कुणाला आपलं वजन, उंची आणि रोजचा रस्ता सांगून विचारायचं असेल तर खाली विचारा, मला माहिती असेल तेवढं नक्की सांगेन, आणि जिमला जा म्हणणार नाही.